विहिरीतलं कासव: गाळ काढताना त्याचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीत बऱ्याच वर्षांपासून एक कासव आहे. पाठ मऊ, रंग मातकट, लांबी वीतभर किंवा थोडी जास्त. यंदा मे महिन्यात विहिरीचा गाळ काढायचा आहे. तेवढे दिवस कासव कुठं ठेवायचं? पाण्याबाहेर ते किती दिवस तग धरतं? खायला काय घालायचं? काम झाल्यावर त्याच विहिरीत सोडायचं की गावच्या पाझर तलावात? आणि घरातली मुलं टाकीत पाळू म्हणतात, ते चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: पाळता येणार नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे आपल्याकडचं मऊ पाठीचं, पोटाला झडपा असलेलं कासव आहे. इंग्रजीत त्याला इंडियन फ्लॅपशेल म्हणतात, शास्त्रीय नाव लिसेमिस पंक्टाटा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते येतं, म्हणजे कायद्याच्या लेखी त्याचा दर्जा वाघाच्याच यादीतला. ते पकडणं, बाळगणं, विकणं यासाठी किमान ३ वर्षं आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. दंड २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५ हजार रुपये झाला. वन्यप्राणी कोणत्याही कारणानं तुमच्या ताब्यात आला, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवावं लागतं, हेही त्याच कायद्यात आहे. त्यामुळे गाळ काढायची तारीख ठरली की आधी वनविभागाला फोन करा. राज्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. कासव बाहेर काढून झाल्यावर फोन करण्यापेक्षा हे कितीतरी बरं पडतं.

आता मुख्य गोष्ट. विहिरीत कासव जगतं, हे खरं. पण त्याचा वंश तिथं वाढत नाही. कासवाला पाणी लागतं तितकाच काठ लागतो. ऊन घ्यायला काठ, उन्हाळ्यात लपायला काठाचा चिखल, अंडी घालायला काठाजवळची भुसभुशीत जमीन. विहिरीला यातलं काहीच नसतं. तुमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं या काठावरून ठरतात, म्हणून त्याची राहणी थोडी सविस्तर सांगतो.

आधी ओळख पक्की करा. या कासवाच्या पाठीवर खवल्यांच्या पट्ट्या नसतात. हाडांच्या ढालीवर सलग कातडी असते. नाक पुढं आलेलं, आखूड नळीचं. मान अपेक्षेपेक्षा बरीच लांब. चारही पायांना प्रत्येकी तीनच नखं दिसतात. उलटं केलं की (पाहण्यापुरतंच, काही सेकंद) मागच्या पायांच्या जागी कातडीच्या दोन झडपा दिसतात. पाय आत ओढले की त्या मिटतात. पोटाच्या ढालीचा पुढचा भागही वर उचलला जातो, त्यामुळे डोकं आणि पुढचे पाय झाकले जातात. उत्तर भारतातल्या याच जातीच्या कासवाच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात, आपल्याकडच्याच्या पाठीवर ते नसतात. पूर्ण वाढलेल्या कासवाची पाठ साधारण २० ते ३० सेंटिमीटर, मादी मोठी, नर लहान. नराची शेपटी जाड आणि लांब, मादीची आखूड.

मराठवाड्यात याच्याशी गल्लत होते ती दोन जातींची. गोदावरीत आणि मोठ्या जलाशयांत लीथचं मऊ पाठीचं कासव असतं. ते बरंच मोठं होतं, दोन फुटांच्या आसपासही जातं आणि त्याला पोटाच्या झडपा नसतात. जगात ते अतिसंकटग्रस्त आहे. गोदावरी, मांजरा किंवा पूर्णेच्या पात्रात असं मोठं, झडपा नसलेलं कासव जाळ्यात आलं, तर त्याची खबर वनविभागाला देणं फार मोलाचं आहे. दुसरं म्हणजे कठीण पाठीचं काळपट कासव. पाठीवर लांबीच्या दिशेनं तीन कंगोरे असतात, पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार नखं. हातात घेतलं की ते उग्र वास सोडतं.

नखांचा हिशोब मुद्दाम दिला. वीस किंवा एकवीस नखांचं कासव असलं की पैशांचा पाऊस पडतो असं सांगून फसवणारे लोक गावोगाव फिरतात, आणि त्यापायी कासवं पकडली जातात, कोंडली जातात, मरतात. वरच्या हिशोबानं मऊ कासवाला बारा आणि काळ्या कासवाला अठरा नखं होतात. असा कोणी शेतावर आला, तर त्याला विहिरीतलं कासव दाखवूसुद्धा नका. थेट पोलिसांना कळवा. यात वन्यजीव कायदा लागतोच, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो.

हे कासव मोठ्या वाहत्या धारेपेक्षा संथ, उथळ, गाळाचं पाणी पसंत करतं. पाझर तलाव, गावतळी, कालव्याच्या कडेची डबकी, नदीतले डोह, नाथसागराच्या फुगवट्याची उथळ टोकं. दिवसाचा बराच वेळ ते तळाच्या चिखलात अंग पुरून असतं. मान लांबवून फक्त नाक पाण्यावर काढतं, श्वास घेतं आणि परत आत. फुप्फुसांखेरीज कातडी आणि घशाच्या अस्तरातूनही ते पाण्यातला थोडा प्राणवायू घेतं, म्हणून बराच वेळ खाली राहू शकतं. पण कायमचं नाही. नायलॉनच्या जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं तर ते बुडून मरतं, हे मासेमारी करणाऱ्यांनी लक्षात ठेवायला हवं. रात्रभर लावलेलं जाळं पहाटे लवकर तपासलं, तर बरीच कासवं जिवंत सुटतात.

खाण्यात ते कशालाही नाही म्हणत नाही. बेडूक, बेडकाची पिल्लं, लहान मासे, झिंगे, खेकडे, गोगलगाई, गांडुळं, किडे, मेलेली जनावरं, शिवाय पाणवनस्पतींची पानं, फुलं, बिया, पाण्यात पडलेली फळं. तलावात ते दुहेरी काम करतं: गोगलगाईंची संख्या आटोक्यात ठेवतं आणि मेलेलं मांस कुजून पाणी नासायच्या आत संपवतं. मत्स्यबीज सोडणाऱ्यांना वाटतं की कासवं सगळे मासे फस्त करतात. निरोगी, वेगानं पोहणारा रोहू-कटला याच्या सहसा हाती लागत नाही. सापडतात ते आजारी, जखमी किंवा जाळ्यात अडकलेले. जाळं फाडून मासा खाल्ला की राग येणं साहजिक आहे, पण त्याचा उपाय जाळं वेळेवर काढणं हाच.

‘विहिरीत कासव असलं की पाणी शुद्ध राहतं’ ही समजूत मात्र अर्धीच खरी आहे. ते मेलेले बेडूक आणि किडे खातं, पण त्याची स्वतःची विष्ठाही त्याच पाण्यात पडते, आणि कासवांच्या आतड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात. त्या विहिरीचं पाणी पिण्यासाठी वापरत असाल, तर कासव असो वा नसो, उकळून किंवा निर्जंतुक करूनच प्या. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकणार असाल, तर साधारण प्रमाण १००० लिटरला अडीच ग्रॅम. पावडर बादलीत कालवा, चुना तळाला बसू द्या आणि वरची निवळी विहिरीत सोडा. कोरडी पावडर मुठीनं टाकली की ती ढेकळं होऊन तळाला बसते, आणि तिथल्या चिखलात बसलेल्या कासवाच्या डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

उन्हाळ्याचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. पाणी आटू लागलं की हे कासव दोनपैकी एक मार्ग धरतं: रात्री चालत दुसऱ्या पाण्याकडे जातं, नाहीतर ओल्या चिखलात, बेशरमीच्या मुळांखाली, पाणकणसाच्या गचपणात स्वतःला पुरून घेतं. अन्न बंद, हालचाल बंद, शरीराचा सगळा खर्च कमी. झडपा मिटल्यानं अंगातली ओल टिकते. अशा अवस्थेत ते महिनोन् महिने राहतं आणि पहिल्या दमदार पावसात बाहेर येतं. मराठवाड्यातल्या कोरड्या वर्षांत ही जात टिकली ती यामुळेच. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसल्या उन्हाळ्यात कासवाला जगवतो तो तळाचा आणि काठाचा ओला गाळ.

म्हणून ‘पाण्याबाहेर किती दिवस?’ याचं एकच उत्तर देता येत नाही. ओल्या चिखलात, सावलीत, न छेडता: महिने. पण मे महिन्यात दुपारी उघड्या फरशीवर, पत्र्याखाली किंवा बंद गाडीत: काही तासांतच मरू शकतं. कठीण पाठीच्या कासवापेक्षा याची कातडी लवकर सुकते. ‘कासव आहे, काही होत नाही’ म्हणून सिमेंटच्या ओट्यावर उलटं ठेवलेली कासवं अशीच जातात.

आता प्रत्यक्ष काम.

विहिरीचा उपसा सुरू केल्यावर शेवटचं चार-पाच फूट पाणी राहिलं की मोटार बंद करून कासव शोधा. बहुतेक वेळा ते फूटव्हॉल्व्हपासून लांब, गाळाच्या बाजूला बसलेलं असतं. पूर्ण पाणी उपसून मग यारीनं गाळ भरायला सुरुवात केली, तर ते गाळाबरोबर बादलीत येतं आणि वरून आपटतं. पाठीचं हाड तडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. खाली उतरणाऱ्या गड्याच्या जिवाची काळजी आधी. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीच्या तळाला प्राणवायू कमी असू शकतो. आधी पेटता कंदील दोरानं तळापर्यंत सोडून बघा. तो विझला, तर कोणीही उतरू नये, कासवासाठी तर नाहीच. कंदील पेटता राहिला तरी दोर कमरेला बांधूनच उतरायचं. आत डिझेल इंजिन चालू असताना कधीच उतरायचं नाही.

कासव उचलताना पाठीच्या मागच्या भागाला, मागच्या पायांच्या थोडं पुढं, दोन्ही बाजूंनी धरा. पुढच्या अर्ध्या भागात हात नेला की ते मान वळवून चावतं, आणि मान वाटते त्याच्या दुप्पट मागं पोहोचते. शेपटीला धरून उचलू नका, मणक्याला इजा होते. चावलंच तर ओढू नका, कातडी फाटते. हात कासवासकट पाण्यात बुडवून स्थिर धरा, थोड्या वेळात ते सोडतं. जखम साबणाच्या पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरांकडे जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. रेबीज कासवापासून होत नाही, त्याची लस लागत नाही.

वर आणण्यासाठी तोंड बांधलेलं सुती पोतं किंवा झाकणाचं टोपलं वापरा. आत ओलं गोणपाट. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. पाण्यानं भरलेल्या बादलीतही नको, हेलकाव्यानं दमलेलं कासव बुडू शकतं.

वनविभागाचा माणूस येईपर्यंत ठेवायचं असेल, तर मोठं घमेलं किंवा टब घ्या. तळाला दोन-चार बोटं त्याच विहिरीचा ओला गाळ किंवा धुतलेली वाळू, वर पाणी इतकंच की ते तळाला बसूनही मान वर करून नाक पाण्याबाहेर काढू शकेल. दमलेलं, जखमी असेल तर पाणी आणखी कमी, पाठ जेमतेम भिजेल एवढं. एका बाजूला सपाट दगड किंवा विटेचा उतार. जागा सावलीची, माणसांची ये-जा नसलेली, कुत्र्या-मांजरांपासून लांब. वरून जाळी किंवा फळी, कारण दगडावर किंवा उतारावर चढून ते बाहेर पडू शकतं. पाणी विहिरीचं किंवा बोअरचं चालेल. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर एक दिवस उघडं ठेवून मग वापरा. दोन कासवं असतील तर वेगवेगळी ठेवा, ती एकमेकांना चावतात.

खायला काही घालू नका. एक-दोन दिवस उपाशी राहिल्यानं त्याला काही होत नाही. घाबरलेल्या कासवाला बळेच खाऊ घातलं, तर पाणी नासतं आणि पोट बिघडतं. दूध, पोळी, भात, बिस्किट, फरसाण यातलं काहीही त्याचं अन्न नाही. पाठीला हळद, तेल, रॉकेल, रंग लावू नका. पाठीवर कातडी असल्यानं जे लावाल ते थेट शरीरात शोषलं जातं. ढालीला भोक पाडून दोरी बांधण्याचा प्रकार अजून कुठं कुठं दिसतो. त्या ढालीत जिवंत हाड आणि रक्त आहे. भोक पाडणं म्हणजे बरगडीला भोक पाडणं.

जखमा नेमक्या कोणत्या पाहायच्या? रोटाव्हेटरचा पाता किंवा टिकावाचा घाव असेल, तर सलाईननं धुवा, पोव्हिडोन आयोडीन दहापट पाण्यात मिसळून लावा, वर ओलसर स्वच्छ गॉज ठेवा आणि पशुवैद्यकाकडे न्या. ढाल आरपार फुटून आतला भाग दिसत असेल, तर पाण्यात अजिबात ठेवू नका, आत पाणी शिरतं. तोंडात गळ अडकला असेल तर ओढून काढू नका. दोरा तोंडाबाहेर वीतभर ठेवून कापा आणि तसंच न्या. पूर्ण आत गेलेला गळ ओढल्यानं अन्ननलिका फाटते. कासव पाण्यात एका बाजूला कललेलं तरंगत असेल, नाकातून फुगे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर न्यूमोनियाचा संशय घ्या. पाठीवर पांढरे कापूसट डाग किंवा लालसर खड्डे म्हणजे बुरशी किंवा जिवाणूंचा संसर्ग. घरातल्या काचेच्या टाकीत, वाळूशिवाय, घाण पाण्यात ठेवलेल्या मऊ कासवांना हाच रोग सर्वांत आधी होतो. मुलांना टाकी नको म्हणण्याचं कायद्याइतकंच हेही कारण आहे.

आता परत कुठं सोडायचं? माझं मत स्पष्ट आहे: त्याच विहिरीत नको. पन्नास-साठ फूट खोल, उभ्या दगडी भिंतींच्या विहिरीत ऊन तळाला पोहोचतं ते दुपारी थोडा वेळ. कासवाचं पचन बाहेरच्या उबेवर चालतं. तिथलं खाणंही मर्यादित. आणि मादी असेल, तर अंडी घालायला तिला माती मिळत नाही. मग ती पाण्यातच अंडी टाकते, ती बुडून वाया जातात. अंडी अडकून पडल्यास मादी मरतेसुद्धा. जुन्या बारवांमध्ये पायऱ्या असल्यानं थोडी सोय होते. वालूरच्या चक्राकार बारवेसारख्या ठिकाणी पाणी ज्या पायरीला लागतं, तिथं कासव ऊन घ्यायला बसू शकतं. पण फूटभर उंचीची दगडी पायरी त्याला चढवत नाही, म्हणजे बाहेर पडणं तिथंही अवघडच. देवळाच्या सभामंडपातलं दगडी कासव पाहून श्रद्धेनं खरं कासव आडात-बारवेत सोडणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. ज्याला जीवदान द्यायचं, त्याला काठ द्यायला हवा.

तर गावच्या, म्हणजे त्याच पाणलोटातल्या, मातीच्या काठाच्या तलावात सोडणं योग्य. पण ते वनविभागाच्या माणसासमोर आणि शक्यतो पाऊस पडल्यावर. मे महिन्यात आटत आलेल्या तलावात अनोळखी जागी सोडलेलं कासव पाण्याच्या शोधात भरकटतं आणि रस्त्यावर चिरडलं जातं. मधला महिना ते कुठं राहील, हे वनविभाग ठरवेल. दूरच्या धरणात, दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात नेऊन सोडू नका. रोग आणि परजीवी त्याच्याबरोबर जातात. सोडताना पाण्यात फेकू नका. काठावर, पाण्यापासून हातभर अंतरावर, संध्याकाळी ठेवा आणि मागं सरका.

अंड्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण काठाचं महत्त्व तिथं कळतं. मादी मागच्या पायांनी खड्डा करून त्यात अंडी घालते आणि माती सारखी करून निघून जाते. अंडी गोल, पांढरी, ठिसूळ कवचाची, मोठ्या आवळ्याएवढी. एका वेळी दोनपासून बारा-चौदापर्यंत. वर्षात एकाहून जास्त वेळाही घालते. काळ जागेनुसार बदलतो, पावसाळा ओसरू लागल्यापासूनचे महिने त्यात महत्त्वाचे. या अंड्यांची खासियत अशी की आतल्या गर्भाची वाढ मध्येच थांबते आणि अनुकूल काळ आला की पुन्हा सुरू होते. त्यामुळे पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात, आणि ती येतात साधारण पुढच्या पावसाच्या सुमारास, जमीन मऊ झाल्यावर. याचा व्यवहारातला अर्थ असा: तलावाकाठची पट्टी हिवाळ्यात नांगरली किंवा उन्हाळ्यात तिथं जेसीबी फिरवला, तर वर काही दिसत नसतानाही खालची अख्खी पिढी संपते. वाचलेल्यांना कुत्री, कोल्हे, मुंगूस, घोरपड, रानडुकरं उकरून काढतात.

घरटं सापडलं तर हलवू नका. वर बाभळीच्या काटेरी फांद्यांचा दाट फेर घाला, पिल्लं खालून निघतात, कुत्रं आत शिरत नाही. खोदकामात अंडी उघडी पडलीच, तर वरची बाजू पेन्सिलीनं खूण करून तशीच वर ठेवायची, फिरवायची नाही, त्याच ओल्या मातीत झाकायची आणि वनविभागाला कळवायचं. अंडं उलटं झालं की वाढू लागलेला गर्भ मरतो.

तुमच्या गावात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’चं काम निघालं असेल, तर हे मुद्दे सरपंचांच्या आणि पोकलेनवाल्याच्या कानावर घाला. ही योजना शेतीला फायद्याची आहे, ती थांबवायची गरज नाही. पण गाळ काढायचे महिने एप्रिल-मे, आणि नेमकी तेव्हाच कासवं गाळात झोपलेली असतात. हायवातून ती शेतात जातात आणि उन्हात मरतात. उपाय सोपे आहेत. यंत्र लावायच्या आदल्या पहाटे शेवटच्या डबक्याभोवती फिरून पाहा. सुकलेल्या मधल्या भागापासून काम सुरू करा. सगळ्यात ओला कोपरा, बेशरमीच्या गचपणासह, पाऊस पडेपर्यंत तसाच ठेवा, चार-पाच गुंठे पुरतात. गाळ ओतताना एक माणूस नजर ठेवायला उभा करा. कासव निघालं, तर त्याच कोपऱ्यात सावलीला ओल्या चिखलानं झाका आणि १९२६ वर कळवा. निपचित पडलेलं दिसलं म्हणून लगेच खोल पाण्यात ढकलू नका, अशक्त कासव बुडतं.

तलाव खोल करताना किमान एका बाजूचा काठ उभा कापू नका. तीन फूट आडवं गेल्यावर एक फूट खोली, इतका संथ उतार ठेवा, आणि त्याच्या वर दहा-पंधरा फुटांची पट्टी बिननांगरट सोडा. पाण्यात अर्धवट बुडालेला एखादा बाभळीचा ओंडका ठेवला, तर ऊन घ्यायची सोय होते.

प्लॅस्टिक अस्तराची शेततळी हा आपल्या भागातला नवा सापळा आहे. तीस बाय तीस मीटरच्या तळ्यात ५०० मायक्रॉनचा कागद, त्यावर शेवाळ. आत पडलेलं कासव, साप, मुंगूस, कोणीच वर येऊ शकत नाही. माणसंही बुडाली आहेत. चारही कोपऱ्यांत दोन-तीन फूट रुंदीची काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेल्या काथ्याच्या दोरांवर शिवलेलं गोणपाट सोडा. कोपऱ्यातच, कारण पडलेलं जनावर कडेकडेनं पोहत कोपऱ्यात येतं. वरचं टोक बांधावर खुंटीला पक्कं, खालचं टोक थेट तळापर्यंत, नाहीतर पाणी उतरल्यावर ते हवेत लटकतं. वजनाला दगड लावू नका, कागद फाटतो. वाळू भरलेली छोटी पोती लावा. मासेमारीचं जुनं नायलॉनचं जाळं तर अजिबात नको, त्यात पाय अडकून जनावर तिथंच मरतं.

तुमच्या विहिरीला कठडा आहे का, हेही पाहा. कासवं विहिरीत येतात ती दोन वाटांनी: कोणीतरी आणून टाकतं, नाहीतर पावसाळ्यात रात्री स्थलांतर करताना काठावरून पडतात. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, बाहेरून गिलावा केलेला कठडा बांधला, तर ही दुसरी वाट बंद होते. लेकराबाळांसाठी आणि जनावरांसाठी तो हवाच आहे. जून-जुलैत रस्ता ओलांडणारं कासव दिसलं, तर ज्या दिशेला तोंड होतं, त्याच बाजूला रस्त्याच्या कडेला ठेवा. परत फिरवलं तर ते पुन्हा त्याच रस्त्यावर येतं.

फवारणीचा पंप, औषधाचे रिकामे डबे तलावात किंवा विहिरीत धुऊ नका. करंट लावून किंवा औषध टाकून मासे मारणारे लोक कासवांनाही त्यातच संपवतात, तेही गुन्ह्यातच बसतं.

मुलांना शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानातून हिरवं, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं छोटं कासव आणून द्यावं, असा विचार असेल तर तोही सोडा. ते अमेरिकेतलं कासव आहे. रुपयाएवढं दिसतं, पण वाढून २५-३० सेंटिमीटरचं होतं आणि वीस-तीस वर्षं जगू शकतं. कंटाळून लोक ते तलावात सोडतात, आणि मग ते आपल्या कासवांचं अन्न आणि ऊन घ्यायच्या जागा बळकावतं. आधीच घरात असेल, तर मरेपर्यंत नीट सांभाळा, पण कुठल्याही पाण्यात सोडू नका. मुलांना कासव दाखवायचंच असेल, तर पहिल्या पावसानंतर संध्याकाळी तलावाच्या काठावर, वीस-पंचवीस पावलं लांब, न बोलता बसवा. पाण्यावर आलेलं नाक शोधायला ती लवकर शिकतात.

फोन करताना एवढं हाताशी ठेवा: गावाचं आणि तालुक्याचं नाव, गट क्रमांक, विहिरीची खोली आणि सध्याचं पाणी, उपशाची तारीख, कासवाचा अंदाजे आकार, दिसत असेल तर जखम, आणि पाठीचा व डोक्याचा एक फोटो. फोटो वनविभागालाच पाठवा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठिकाणासकट टाकू नका. नखं मोजणारे लोक तेच शोधत असतात.